दिवेलागणीचं उघडं दार

घराच्या सुरक्षिततेबद्दल कुणी विचारलं तर मी तीन गोष्टी सांगते. फाटकावर दिवा असावा. फोन अंगावर असावा, चार्जिंगला नव्हे. आणि घरातल्या वडीलधाऱ्या माणसाशी जे भांडण व्हायचं आहे ते आधीच करून घ्यावं. पहिल्या दोन गोष्टी एका दुपारात उरकतात. तिसरी आमच्याकडे अजून चालू आहे.

बारामतीत आमची गल्ली कॉलेजच्या मागच्या बाजूला आहे. इथली बरीच घरं इंदापूर तालुक्यातून आलेल्यांची. शेती गावाकडं, मुलांच्या शिक्षणासाठी घर इथं. मुलं शिकून पुण्याला गेली की मजला रिकामा होतो, आणि रिकाम्या मजल्यावर कॉट टाकून दुसऱ्यांची पोरं ठेवायची, ही इथली रीत. शेजारच्या बंगल्याचे मालक स्वतः पुण्यात राहतात. इथं खाली पोरं, वर पोरं, जिन्यात चपला, गच्चीवर रिकाम्या बाटल्या. मालक कधीमधी गाडीतून येतात आणि काच खाली करून बोलतात. मी दारूबद्दल तक्रार केली तेव्हा म्हणाले, “वहिनी, वय आहे त्यांचं.” वय माझ्या सासूबाईंचंही होतं, पण ते त्यांना काचेतून दिसलं नाही.

सगळीच पोरं पितात असं मी म्हणत नाही. बहुतेक जण डबा खातात, परीक्षेला रडतात, सुट्टीला गावी जातात. पण चार-पाच जणांची टोळी असतेच. त्यांना बापानं कारखान्याला ऊस घालून त्या पैशावर शिकायला पाठवलेलं असतं आणि ती दिवस मावळायच्या आत झोकून बसलेली असतात. मला त्यांची दया येत नाही. यायला हवी, असं मला अनेकांनी सांगितलं आहे.

मी एका खासगी हॉस्पिटलचं स्टोअर सांभाळते. सलाइन, सुया, हातमोजे, सगळं मोजून आत, मोजून बाहेर. आमचे हे आठवड्यातले बरेचसे दिवस बावड्याजवळ आमच्या डाळिंबाच्या बागेत असतात. मुलगी लग्न होऊन गेली. म्हणजे मी कामावरून परत येईपर्यंत घरात सासूबाई एकट्या. त्या पूर्वी गावाकडं धाकट्या दिरांकडे होत्या. तिथं धाकट्या जावेशी असं भांडण झालं की “तुझ्या हातचं पाणी पिणार न्हाय” असं सांगून, पिशवी काखेत मारून त्या एसटीनं आमच्याकडे आल्या. त्या आल्या आणि त्यांच्याबरोबर त्यांचा एक नियम आला: दिवेलागणीला मागचं दार बंद, पुढचं सताड उघडं. लक्ष्मी यायची वेळ असते. देवापुढं दिवा लावायचा, उंबऱ्याला हळदीकुंकू, आणि दार उघडं टाकून आत खुर्चीवर बसायचं.

आमच्या गल्लीत त्या वेळेला लक्ष्मी येत नाही. त्या वेळेला पोरं परत येतात.

पहिल्यांदा झालं ते असं. मी कामावरून आले तर दारात एक चप्पल सुलटी, एक उलटी. आत सासूबाईंच्या कॉटवर एक पोरगा भिंतीला टेकून बसलेला, हातात आमचा पाहुण्यांचा कप. वास उंबऱ्यापर्यंत येत होता.

“कोण हा?” मी विचारलं.

“हळू बोल,” सासूबाई म्हणाल्या. “दमलाय. आपल्यातलाच हाय.”

“आपल्यातला म्हणजे कुणाचा?”

“ते इचारायचं राहिलं. पर आल्या आल्या पाया पडला माझ्या.”

“पाया नाही पडला आई, तोल गेला त्याचा.”

“तुझ्या माहेरी काटेवाडीत पाया पडायची पद्धत न्हाय, म्हणून तुला तसं वाटतंय.”

मग त्या पोरानं मान वर केली आणि मला म्हणाला, “काकी, साखर कमी हाय.”

मी त्याला दंडाला धरून उठवलं आणि बाहेर काढलं. दारू प्यालेल्या माणसाला पायरी चढता येते, उतरता येत नाही. तो मधल्या पायरीवर बसला आणि तुळशीपाशी ओकला. शेजारची पोरं हसत हसत आली, त्याला दोन्ही बाजूंनी उचलून घेऊन गेली. “सॉरी हां काकी, बिल्डिंग चुकला.” मी बादलीभर पाणी ओतत होते आणि सासूबाई दारातून म्हणत होत्या, “लिंबू तरी द्यायचं त्याला.”

त्यांचं काय चुकलं हे त्यांना कधीच पटलं नाही. त्यांच्या हिशेबात घरात आलेलं तरुण पोरगं म्हणजे कुणाच्या तरी बहिणीचं, कुणाच्या तरी मेहुण्याचं. शिकायला आलेलं, भूक लागलेलं. गावाकडं असंच होतं. पोरगं येतं, पाया पडतं, चहा पितं, मग हळूहळू कळतं कोणाचं ते. आधी पाणी द्यायचं, मग नातं विचारायचं. हाच क्रम बारामतीच्या कॉलेजच्या गल्लीत चालवला की घरात दारुडा बसतो.

रविवारी हे आले. मी सगळं सांगितलं. यांनी पंखा बंद केला, म्हणजे आता निकाल देणार.

“आईला एकटं ठेवायचं नाही. एक तर तिला गावाकडं नेतो, नाहीतर तू काम सोड.”

“आणि तुम्ही?”

“मी काय?”

“तुम्ही संध्याकाळी घरी येत जा की.”

“फवारणी कोण बघणार?”

“मग सुया कोण मोजणार?”

आतून सासूबाई ओरडल्या, “मी काय शेरडू हाय व्हय, ह्या दावणीचं सोडून त्या दावणीला बांधायला? त्या बयेच्या दारात मी पाऊल ठेवणार न्हाय.”

त्या दिवसापासून सगळं एका गोष्टीवर येऊन थांबलं. या घरात संध्याकाळी एकटी म्हातारी सुरक्षित राहू शकते, हे मला दाखवून द्यायचं होतं. ते जमलं नाही तर दोघींपैकी एकीचं जाणार होतं: त्यांचं राहतं घर किंवा माझं काम. त्यांना सोडून देऊन माझं काम वाचवावं, असं माझ्या मनात आलं नाही असं नाही. आलं. पण धाकट्या जावेला मी ओळखते.

मी कामाला लागले. फाटकाला आतून कडी. पोर्चमध्ये आपोआप लागणारा दिवा. स्वयंपाकघराच्या दारामागं जाड काठी. सासूबाईंच्या गळ्यात फोन, दोरीला बांधून, आणि माझा नंबर एका बटणावर. दोरीबद्दल त्या म्हणाल्या, “आता घुंगरू बी बांध.” काठी कशी वापरायची तेही मी त्यांना सांगितलं. डोक्यात मारायचं नाही. डोक्यात मारलं तर पोलीस आपल्याला विचारतात. नडगीवर मारायचं. नडगीवर बसली की दारू निम्मी उतरते. आणि वाद घालायचा नाही. प्यालेल्याशी वाद घालणं म्हणजे त्याला बसायला खुर्ची देणं. या सगळ्या सूचना त्यांनी ऐकल्या आणि शेवटी विचारलं, “येवढं सगळं करून मग जेवायचं कधी?”

मग जाळीचा दरवाजा. लाकडी दाराच्या बाहेर लोखंडी, उभ्या-आडव्या पट्ट्यांचा. संध्याकाळी लाकडी दार उघडं राहील, जाळीला आतून कडी. दोन्ही बाजूंचं समाधान, असं मला वाटलं.

“लक्ष्मी काय जाळीतनं गाळून येती व्हय?” सासूबाई म्हणाल्या.

“तिला हात आहेत ना चार? कडी वाजवेल.”

“दारात उभं राहून कडी वाजवायला ती काय वीजबिलवाली हाय?”

फॅब्रिकेशनवाल्यानं दरवाजा बसवला तेव्हा बाहेरून हात घालून कडी निघते का, हे मी स्वतः तपासलं. माझा हात मनगटापाशी अडकला. कडीपर्यंत बोटं पोचली नाहीत. मी “ठीक आहे” म्हणाले. हातात बांगड्या होत्या. काचेच्या, दोन्ही हातांत भरलेल्या. हात पट्ट्यांत अडकला नव्हता, बांगड्या अडकल्या होत्या. बांगड्या न घालणाऱ्याचा हात तिथून कोपरापर्यंत जातो हे माझ्या लक्षात आलं नाही. हॉस्पिटलात मी प्रत्येक खोक्याचं सील नखानं तपासते. आणि घराचं दार बांगड्यांनी तपासलं.

काही आठवडे बरे गेले. पोरं जाळीकडं बघत, पुढं जात. सासूबाई तोंड वाकडं करून का होईना, कडी घालून बसत. यांनी गावाकडचा विषय काढणं बंद केलं होतं.

मग माझ्या सुट्टीच्या दिवशी, नेमकी मी घरात असताना, तो परत आला. तोच. मी आत भाकऱ्या थापत होते. पुढच्या खोलीतून आवाज आला, “आजी, चहा टाका की.”

“आज न्हाय,” सासूबाई म्हणाल्या. “तू जा.”

“मागच्या टायमाला दिल्ता की. आज काय झालं?”

“आज तू घरी जा. पिऊन आलायस.”

“मी पिऊन आलोय? मी?” आणि जाळी गदागदा हलवल्याचा आवाज. मग एक शिवी. ती मी इथं लिहीत नाही. सत्तरी ओलांडलेल्या बाईला त्यानं ती दिली.

मी काठी घेऊन बाहेर येईपर्यंत त्याचा हात पट्ट्यांतून आत आला होता आणि सासूबाई दोन्ही हातांनी कडी दाबून धरून उभ्या होत्या. त्यांनी पळायला पाहिजे होतं. मी तसं सांगितलंही होतं. त्यांनी कडी धरली. त्यानं ती हिसकली, दार उघडलं, आणि आत येताना त्यांना ढकललं. त्या उजव्या हातावर पडल्या.

पहिला फटका मी नडगीवर मारला. दुसराही. माझ्या हातांना पीठ होतं, काठी घसरत होती, म्हणून तिसरा जरा जास्तच जोरात बसला. तो खाली बसला आणि रडायला लागला. “काकी, चुकलं.” मला त्या क्षणी आणखी मारायचं होतं. मारलं नाही, कारण तो बसला होता आणि सासूबाई उठत नव्हत्या.

मी त्यांना बखोटीला धरून बाहेर पोर्चमध्ये आणलं, जाळीचं दार ओढलं आणि बाहेरच्या कडीला कुलूप घातलं. त्याला आत ठेवलं, आम्ही बाहेर. मागं जाऊन मागच्या दाराला बाहेरून कडी घातली, आणि आत तवा तसाच होता म्हणून गॅसचा सिलेंडर बंद केला. तो आम्ही बाहेरच ठेवतो. पोलिसांना फोन केला. मग समोरच्या बाईंनी खुर्ची आणली आणि सासूबाईंना बसवलं. मनगट जागेवर नव्हतं, ते दिसतच होतं. त्यांनी ते पदरात गुंडाळलं.

शेजारची पोरं जमली.

“काकी, सोडा की त्याला. आत गुदमरंल.”

“जाळी आहे. हवा येते.”

“काकी, फ्रेंड आहे आमचा.”

“मग तुम्हीपण आत जा. कुलूप उघडते.”

कुणी गेलं नाही.

सासूबाई खुर्ची ओढून जाळीपाशी घ्यायला लागल्या. मी अडवलं तर डाव्या हातानं मला बाजूला केलं. आणि जे त्यांचं पहिल्या वेळी विचारायचं राहिलं होतं ते आता विचारलं.

“कुणाचा रं तू?”

तो नाक पुसत होता.

“गाव कंचं तुझं? तोंड उचकट. मघाशी लई चालत हुतं.”

त्यानं भवानीनगरच्या अलीकडच्या एका वस्तीचं नाव सांगितलं. सासूबाईंचं माहेर तेच.

“आज्याचं नाव सांग.”

त्यानं सांगितलं. ते सासूबाईंच्या चुलतभावाचं नाव होतं. ज्याच्याबरोबर त्या लहानपणी एका ताटात जेवल्या, ज्यानं त्यांना लग्नात माहेरचा पाठीराखा म्हणून सासरी पोचवलं, तो.

“आपल्यातलाच हाय म्हनलं व्हतं मी,” त्या म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या ते कळलं नाही.

पोलीस आले, त्याला घेऊन गेले. मला एवढंच सांगितलं की ज्यांना मार लागलाय त्यांची फिर्याद लागेल, आधी दवाखाना करा, सकाळी या. हॉस्पिटलमध्ये हाड बसवून प्लास्टर घातलं.

सकाळी हे बागेतून येऊन पोचायला आणि दारात जीप थांबायला एकच गाठ पडली. पोराचा आजा, म्हणजे सासूबाईंचे चुलतभाऊ, त्यांना सगळे तात्या म्हणतात. बरोबर पोराची आई आणि दोन पुरुष. आणि एक पिशवी. तिच्यात साडी आणि नारळ.

“आक्का,” तात्या म्हणाले, “आपल्या घरातलं हाय. घरातच मिटवू.”

“आत्याबाई, वर्ष जाईल त्याचं,” पोराची आई म्हणाली. “नोकरीला डाग लागंल. त्यो तसा न्हाय वो. संगत वाईट लागली.”

मी म्हणाले, “संगत दारात उभी होती. हात तुमच्या मुलाचा आत आला होता.”

तात्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. यांना म्हणाले, “भाचे, तुमच्यात आधी बायका बोलतात व्हय?”

“आमच्यात ज्यांच्या घरात घुसलं ते आधी बोलतात,” मी म्हणाले.

“अगं, जरा थांब,” हे म्हणाले. यांचा आवाज मऊ झालेला मला कळला. माहेरच्या माणसांसमोर आईचं मन मोडू नये, एवढंच यांच्या डोक्यात होतं. आणि मला पुढचं सगळं दिसत होतं. प्रकरण मिटणार. सगळ्या गल्लीला कळणार की या घरात घुसलं तर साडीवर भागतं. मग एक तर सासूबाई धाकट्या जावेच्या दारात, नाहीतर मी घरात.

तात्यांनी शेवटचं सांगितलं. “आक्का, तू पोलिसात बोललीस तर वस्तीवरचं दार बंद झालं म्हणून समज. मी म्हातारा माणूस, पोरांफुडं माझं काय चालत न्हाय.”

सासूबाई इतका वेळ साडीकडं बघत होत्या. मला खरंच वाटलं की त्या पिशवी घेणार.

“पोराला आणलं न्हाय तात्या?”

“त्याला लाज वाटती तोंड दाखवायची.”

“दुकानात बाटली घेताना वाटली न्हाय?”

“आक्का, लेकरू हाय.”

“माझ्याकडं येक डाव आला तवा पिऊन का हुईना, पाया पडला. आज शुद्धीत येऊन पडला असता तर मी इचार केला असता.” त्यांनी पिशवी डाव्या हातानं पुढं सरकवली. “साडी आणलीस आन पोरगं घरी ठिवलंस. उचल ही.”

“आक्का, वाईट हुईल.”

“हात मोडलाय माझा. आनखी काय हुयाचंय?”

जीप गेली. हे मान खाली घालून बसले. मी रिक्षा बोलावली.

पोलीस ठाण्यात त्यांनी सगळं सांगितलं, चहा दिल्यापासून. काही लपवलं नाही, स्वतःची बाजूही सावरून घेतली नाही. शेवटी अंगठा द्यायची वेळ आली तेव्हा मात्र चिडल्या. “सही येती मला.” उजवा हात प्लास्टरमध्ये होता. डाव्या अंगठ्याला शाई लावताना त्या माझ्याकडं अशा बघत होत्या की जणू हात मीच मोडला.

त्यानंतरचं थोडक्यात. जाळीला कडीच्या बाजूनं पत्रा मारून घेतला. या वेळी बांगड्या काढून हात घालून बघितला. यांनी गावाकडचा आणि नोकरीचा, दोन्ही विषय सोडले. पोरगं कॉलेजात येतं की नाही, मला माहीत नाही आणि चौकशी करायची इच्छा नाही. शेजारच्या मालकांचा पुण्याहून फोन आला. “वहिनी, तुमच्या प्रकारामुळं माझ्या दोन कॉट रिकाम्या झाल्या.” मी म्हणाले, “बाकीच्याही होतील. तुम्ही या, राहा इथं.” त्यांनी फोन ठेवला. पुढच्या आठवड्यात नवीन पोरं आली. त्यांचं गाव, तालुका, घरचा फोन, सगळं मी फाटकात उभी राहून विचारून घेतलं. त्यांना राग आला. येऊ दे.

वस्तीवरचं दार मात्र खरंच बंद झालं. तात्यांच्या नातीचं लग्न निघालं. आमच्या गल्लीत तिघांना पत्रिका आली, आम्हाला नाही. समोरच्या बाईंनी ती दाखवायला आणली, म्हणजे बोचायलाच आणली. सासूबाईंनी बघितली, परत दिली. रात्री जेवताना मला म्हणाल्या, “त्या दिवशी तू रजा काढ.”

मी रजा काढली. त्या दिवशी त्यांनी ट्रंकेतली जरीकाठाची नऊवारी काढली, नेसल्या, आणि पुढच्या खोलीत बसल्या. अक्षता दुपारच्या होत्या. ती वेळ आली, गेली. त्या भिंतीकडं बघत होत्या.

“तू जिंकलीस असं समजू नगंस,” त्या म्हणाल्या.

“नाही समजत.”

“तुला काय, तुला माहेर हाय. काटेवाडी हितं हाकेवर.”

मी भाकरी केली, त्या अर्धी जेवल्या. नंतर नऊवारी सोडली आणि मला हाक मारली. प्लास्टर निघालं होतं, पण हातात जोर नव्हता, एकटीला घडी घालता येत नव्हती. मी एका टोकाला, त्या एका टोकाला. काठाला काठ जुळवताना त्यांचा पदर दोनदा निसटला. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडं न बघता म्हटलं, “घट्ट धर. येवढं तरी नीट कर.”